काळ्या केसांतलं कॅरॅमल

हायलाइट्सचा दर विचारला की पार्लरवाली आधी केसांची लांबी बघते. आकडा ऐकून बाई घरी येतात आणि ब्लीचचं किट मागवतात. पण खोक्यावरच्या मॉडेलचे केस बहुधा मुळातच तपकिरी असतात. घरगुती प्रयोगांचा घोळ तिथूनच सुरू होतो.

काळ्या केसांवर कॅरॅमल नुसतं लावून चढत नाही. आधी आतला काळा रंग काढावा लागतो. केसात दोन जातींचं मेलॅनिन असतं. काळं-तपकिरी युमेलॅनिन ब्लीचपुढे लवकर हार मानतं, लालसर-पिवळं फिओमेलॅनिन मात्र चिवट. म्हणून काळा केस आधी विटकरी, मग नारिंगी, मग पिवळा होत जातो. सोनेरी केस हवे असतील तर फिकट पिवळ्यापर्यंत मजल मारावी लागते आणि तोवर केसाची पार दशा होते. कॅरॅमल नारिंगी आणि पिवळ्याच्या अधेमधेच सापडतं. घरी हायलाइट्स करायचेच असतील तर हीच छटा निवडावी, ती एवढ्यासाठीच. नारिंगी दिसलं की घाबरून दुसऱ्यांदा ब्लीच थापायची गरज नसते.

ब्लीचच्या पावडरीत मिसळायचा डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा घ्यावा, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ४० व्हॉल्यूममध्ये ते १२ टक्के असतं. काम झटपट होतं, पण थांबायचा क्षणही तितक्याच झटपट निसटतो. भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं, धातूचं नको.

शेपटीच्या कंगव्याने बारीक बटा काढून प्रत्येकीखाली फॉइल सरकवायची. मिश्रण मुळापासून दोन-तीन बोटं सोडून लावायचं. टाळूच्या उबेने मुळाजवळचा केस लवकर उजळतो आणि मग वर पिवळं, खाली विटकरी असा प्रकार होतो. शिवाय ब्लीच फुगतं. फॉइलच्या कडेपर्यंत लावलं तर ते बाहेर ओघळून शेजारच्या केसांवर डाग पाडतं. दर पाच-दहा मिनिटांनी एक फॉइल उघडायची आणि टिश्यूने थोडं मिश्रण पुसून रंग बघायचा. ओला केस असतो त्यापेक्षा गडद दिसतो, हे धरून चालायचं. हापूसच्या सालीवर पिवळ्यात केशरी उतरतं तसं दिसलं की धुऊन टाकायचं. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवायचं नाही, रंग उतरलेला नसला तरी.

मग उरलेली छटा सुधारणारा टोनर. नारिंगीला निळा मारतो, पिवळ्याला जांभळा. दुकानात जांभळा शाम्पू सहज मिळतो म्हणून तोच आणला जातो आणि नारिंगी केस जागच्या जागी राहतात. अर्थात कॅरॅमलमध्ये सगळं नारिंगी मारायचंही नसतं. ऊब गेली तर उरतो मळकट तपकिरी. त्यापेक्षा सोनेरी-तपकिरी डेमी-परमनंट रंग वरून फिरवावा.

खरा धोका आहे मेंदीचा. शुद्ध मेंदीतलं लॉसोन केसातल्या केराटिनला घट्ट धरून बसतं, त्यामुळे नारिंगी हटता हटत नाही, इतकंच. पण मेंदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतो, तुटतोही. म्हणून कंगव्यात आलेले केस आधी वाटीभर मिश्रणात टाकून बघावेत. वाटी गरम झाली, तर बेत रद्द. काळ्या मेंदीत आणि बऱ्याच रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी भयंकर चिघळू शकते. टोनरचा ठिपका ४८ तास आधी कानामागे लावून बघणं हा काही किटवाल्यांचा उगाच बाऊ नव्हे.

ब्लीचनंतर केसातलं प्रथिन धुण्यागणिक झिजतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल तपासून पाहिलं. झीज कमी केली ती एकट्या खोबरेलाने, ब्लीच केलेल्या केसांतही. मॅरिको स्वतःच खोबरेल विकते, हे लक्षात ठेवून वाचावं. पण न्हाण्याआधी तेल लावायला खर्च तो किती?

उरलेलं मिश्रण पुढच्या वेळेसाठी बाटलीत भरून ठेवू नये. त्यातून वायू सुटत राहतो, बाटली फुगते, फुटतेही. भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडून द्यावं.