प्रमाणद्रव्य : सूक्ष्म मोजणीचा सोबती

मोटार हांकणाऱ्या मनुष्याच्या १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास आपल्या देशाच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें तो अपराधी ठरतो. म्हणजे दोनचार मिलिग्रॅमांवर एखाद्याची अब्रू व पोट अवलंबून असतें. इतकी सूक्ष्म मोजणी रसायनशास्त्रज्ञ कशी करितात, हें पाहण्याजोगें आहे.

या कामीं गॅस क्रोमॅटोग्राफी ही रीति उपयोगी पडते. तिचा आज रूढ असलेला प्रकार इंग्लंडांत जेम्स व मार्टिन यांनीं इ. स. १९५२ त प्रसिद्ध केला. रक्त बंद कुपींत किंचित् तापवून त्यावरील वाफ एका लांब, बारीक नळींत सोडतात. नळींतून हेलियमसारखा वायु वाहत असतो. आंतील लेपाशीं प्रत्येक द्रव्याची सलगी निराळी. म्हणून द्रव्यें निरनिराळ्या वेळीं बाहेर पडतात व आलेखावर प्रत्येकाचें शिखर उमटतें. द्रव्य जितकें अधिक, तितकें शिखराचें क्षेत्रफळ मोठें.

परंतु नळींत जाणारी वाफ प्रत्येक खेपेस तंतोतंत सारखी नसते. यावर तोड अशी कीं, प्रत्येक नमुन्यांत आरंभींच प्रोपॅनॉल नांवाचें दुसरें द्रव्य सारख्याच मापानें मिसळावयाचें. यासच अंतर्गत प्रमाणद्रव्य म्हणतात. वाफ कमीअधिक गेली तर दोन्ही शिखरें एकाच प्रमाणांत लहानमोठीं होतात. त्यांचें गुणोत्तर मात्र ढळत नाहीं.

उदाहरणार्थ, १०० मिलिलिटरांत ६० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या ज्ञात द्रावणानें मद्यार्काचें शिखर ६०० व प्रोपॅनॉलचें १००० दिलें, गुणोत्तर ०·६. एका चालकाच्या रक्तानें अनुक्रमें ३२४ व १२०० दिलें. केवळ मद्यार्काचें शिखर पाहिल्यास उत्तर येतें ३२·४ मिलिग्रॅम, चालक अपराधी! परंतु प्रोपॅनॉलवरून कळतें कीं, या खेपेस वाफच एक पंचमांशानें अधिक गेली. गुणोत्तर ०·२७, म्हणून खरें उत्तर २७ मिलिग्रॅम. चालक मर्यादेच्या आंत आहे. विद्यार्थ्यांनीं हें गणित वहींत करून पाहावें.

हा सोबती मात्र पारखून घ्यावा लागतो. त्याचा स्वभाव मद्यार्कासारखा असावा, त्याचें शिखर वेगळें उमटावें, आणि तो नमुन्यांत आधींपासून मुळींच नसावा. कुजूं लागलेल्या प्रेताच्या रक्तांत जंतूंमुळें प्रोपॅनॉल आपोआप उत्पन्न होऊं शकतें. मग त्याचें शिखर फुगतें व मद्यार्क खऱ्याहून कमी भासतो. अशा ठिकाणीं टर्शरी ब्यूटॅनॉल हें द्रव्य वापरतात.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. प्रमाणद्रव्य मिसळतांनाच माप चुकलें, तर पुढील सर्व गणित चुकतें. यंत्र कितीही उत्तम असो, पहिलें माप खरें असल्यावांचून शेवटचा निकाल खरा ठरत नाहीं.