तारण नाही, म्हणून शिक्षण नाही?

बारावीचा निकाल लागला की एक वाक्य गावोगाव फिरायला लागतं: ‘गहाण ठेवायला काही नसेल तर पोरांच्या शिक्षणाला बँक कर्ज देत नाही.’ सांगणारा कधी शेजारी असतो, कधी मामा, कधी शाखेच्या दारात भेटलेला कुणी जाणकार. ऐकणारा मग बँकेची पायरीच चढत नाही. घरातलं सोनं मोडलं जातं, नाहीतर महिन्याच्या टक्क्याने सावकाराचे पैसे उचलले जातात.

हे वाक्य चूक आहे. 4 लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण घ्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. तो मॅनेजरच्या मर्जीचा प्रश्न नाही. त्यापुढे साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जासाठी केंद्र सरकारने 2015मध्ये पतहमी निधी उभा केला. कर्ज बुडालं तर थकीत रकमेच्या 75 टक्क्यांची हमी हा निधी बँकेला देतो. त्याची अटच अशी आहे, की बँकेने ना तारण मागायचं, ना तिऱ्हाइताचा जामीन. साडेसात लाखांच्या वर मात्र बँका साधारणपणे तारण मागतात; तिथे मामाचं म्हणणं खरं. पण 2024च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, केंद्राच्या यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल, तर रक्कम मोठी असली तरी तारण आणि जामीनदार लागत नाही.

गोंधळ होतो तो सहीवरून. कर्जाच्या कागदांवर आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. म्हणजे पोराने हप्ते भरले नाहीत तर ते भरायची जबाबदारी त्यांच्यावर येते. ही जबाबदारी मोठी आहे, ती कुणी कमी लेखू नये. पण सही केली म्हणजे जमीन बँकेला लिहून दिली, असं होत नाही. शाखेत सातबारा मागितला तर सरळ विचारा: ‘साहेब, हा उत्पन्नाच्या पुराव्यासाठी, की गहाणखतासाठी?’ रक्कम 4 लाखांच्या आतली असेल तर दुसरं उत्तर देण्याची सोयच साहेबांकडे नाही.

‘तुमचं गाव आमच्या शाखेच्या हद्दीत येत नाही’ हे दुसरं ठरलेलं उत्तर. हद्दीच्या कारणावरून शैक्षणिक कर्जाचे अर्ज नाकारू नका, हे रिझर्व्ह बँकेने 2012मध्येच सांगितलं आहे. तरी ते उत्तर ऐकवलं जातं, कारण तोंडी नकाराचा कागद कुठे राहत नाही. म्हणून अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर भरा, म्हणजे त्याची नोंद राहते. बँकांसाठीच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार अर्ज नाकारायचा तर वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते; काउंटरवरच्या माणसाने मान हलवली म्हणजे नकार झाला, असं नाही.

आता उलट बाजूचा गैरसमज, आणि तो जास्त महागात पडतो: ‘शिकत असेपर्यंत व्याज लागत नाही.’ हप्ता लागत नाही. व्याज पहिल्या दिवसापासून धावतं. इंजिनिअरिंगसाठी दरवर्षी दीड लाख असे 6 लाख 10 टक्क्यांनी उचलले, तर चार वर्षांत सरळव्याजाचेच दीड लाख होतात. शिक्षणानंतरच्या एका वर्षाच्या सवलतीत आणखी 60 हजार. हप्ता सुरू होतो तेव्हा देणं 6 लाखांचं नसतं, 8 लाख 10 हजारांचं असतं. घरच्यांना दरमहा निदान व्याज भरता आलं तर भरावं. अनेक बँका त्याबद्दल व्याजदरात एक टक्क्याची सूटही देतात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना केंद्राकडून व्याज अनुदान मिळू शकतं. त्याची चौकशी कर्ज घेतानाच करा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘शिष्यवृत्ती फक्त हुशार मुलांना’: राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या अनेक योजनांचा मुख्य निकष टक्के नसून उत्पन्न आणि प्रवर्ग हा आहे, राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेची उत्पन्नमर्यादा 8 लाख आहे. ‘मुलींना सगळं फुकट’: 2024-25पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, तेही 8 लाखांच्या उत्पन्नमर्यादेत आणि केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतला तर. वसतिगृह आणि मेस त्यात धरू नका. मॅनेजमेंट कोट्यातून गेलेल्यांनी तर या माफीची वाटच पाहू नये. ‘पैसे कॉलेजने अडवले’: आधी आधार कुठल्या खात्याला जोडलं आहे ते बघा, शिष्यवृत्ती त्या खात्यात जाते, कित्येकदा विसरलेल्या जुन्या खात्यात. ‘कर्जाच्या हप्त्यावर कर वाचतो’: कलम 80ई फक्त व्याजापुरतं आहे, मुद्दलाला नाही, आणि जुनी करप्रणाली निवडली तरच.

बँकेने 4 लाखांच्या आतल्या कर्जाला तारण मागितलं, तर ती मागणी लेखी द्या म्हणा. लेखी दिली, तर ती जोडून आधी बँकेकडे तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.