माणशी अर्धा एकर : एका अभियंत्याची पाणी पंचायत

सन १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाची कठोर कसोटी घेतली. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत मोडतो. तेथील हजारो शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. पुण्यात अचूक मोजमापाची साधने बनविणारे उद्योजक व अभियंते विलासराव साळुंखे यांनी हे दृश्य पाहिले. खडी फोडून आजची भाकरी मिळते, मात्र पुढील दुष्काळाचे निवारण होत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. कारखान्याचा व्याप बाजूला सारून त्यांनी उर्वरित आयुष्य प्रामुख्याने या प्रश्नास वाहिले.

सन १९७४ मध्ये त्यांनी नायगाव येथील देवस्थानचे सुमारे ४० एकर उजाड माळरान भाडेपट्ट्याने घेतले. उतारावर समपातळी बांध घालण्यात आले, ओघळीवर पाझर तलाव झाला आणि त्याच्या खालच्या अंगास विहीर खोदण्यात आली. वाहून जाणारे पाणी जमिनीत मुरले व ओसाड माळावर पिके उभी राहिली.

येथवरचे काम स्थापत्याचे होते. खरा प्रश्न पुढेच होता : साठलेले पाणी कोणाचे? ज्याची जमीन मोठी त्याला पाणी अधिक, ही रूढ रीत. ‘ग्राम गौरव प्रतिष्ठान’च्या माध्यमातून आकारास आलेल्या पाणी पंचायतीने ती बदलली. पाणी माणसांच्या संख्येवर ठरले : माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा मिळाला. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. बारमाही पाणी पिणाऱ्या उसास मनाई होती. कारण एका उसाच्या फडाचे पाणी अनेक कुटुंबांची ज्वारी वा भाजीपाला पिकवू शकते. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलावयाचा होता. त्यामुळे योजना त्यांना आपली वाटे. पाणीवाटपासाठी गटानेच पाटकरी नेमावयाचा, असाही दंडक होता.

श्री. साळुंखे २००२ मध्ये निवर्तले. आज हवामान बदलत आहे, पावसातील खंड लांबत आहेत आणि अवघ्या काही तासांत धो धो पाऊस कोसळून वाहून जात आहे. अशा वेळी आपले कौशल्य समाजास देऊ इच्छिणाऱ्या तंत्रज्ञांना नायगावची शिकवण मोलाची आहे. बांध पाणी अडवितो. मात्र ते सर्वांच्या शेतापर्यंत पोहोचते, ते गावाने मान्य केलेल्या न्याय्य वाटपामुळेच.