मोटारीच्या टपावरील राहुटी

तंबू या वस्तूभोवती मराठीत जे शब्द जमले आहेत, ते बहुतेक सारे जमिनीशी बांधलेले आहेत. मेख जमिनीत ठोकावयाची, तणावा मेखेला आवळावयाचा, खांब जमिनीवर उभा करावयाचा आणि कनात जमिनीपर्यंत सोडावयाची. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. त्या काळच्या फौजांच्या राहुट्या आणि पाले गाड्यांवरून व जनावरांच्या पाठीवरून फिरत, परंतु रात्री उभी राहत ती भुईवरच. पुढे इंग्रजी अमदानीत दौऱ्यावर निघालेल्या जिल्हाधिकाऱ्याचा डेरा बैलगाड्यांत घालून मुक्कामावर आगाऊ धाडीत. साहेब घोड्यावरून पोहोचावयाच्या आत खलाशी मेखा ठोकून मोकळे झालेले असत. वाहन हे तंबूचे ओझे वाहण्यापुरते होते. तंबूचा भार सोसणे हे काम धरित्रीचे होते.

मोटारीच्या टपावर बसविलेल्या राहुटीने हा क्रम उलटा केला. ही राहुटी वाहनावरून जाते आणि वाहनावरच उभी राहते. विसाव्या शतकाच्या मध्यास इटलीत अशा राहुट्या विकावयास आल्या. पूर्व जर्मनीत ट्रबांट नावाच्या चिमुकल्या मोटारीवरदेखील लोक त्या बसवून सुट्टीला निघत. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांच्या मोकळ्या मुलुखात त्यांचा विशेष प्रसार झाला आणि अलीकडे त्या भारतातही मिळू लागल्या आहेत. एक प्रकार कापडी आच्छादनाचा असतो. तो पुस्तकासारखा उघडतो, त्याची अर्धी फळी गाडीच्या बाहेर येते आणि शिडीवर टेकते. दुसरा प्रकार कठीण कवचाचा, पेटीच्या झाकणासारखा वर उचलला जाणारा. दोहोंत खाली गादी असते आणि चढण्यासाठी शिडी असते.

दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांतील मोहन नगरातून एखादे मराठी कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत बस्तरकडे निघाले आहे, अशी कल्पना करावी. केशकालचा घाट चढून पुढे इंद्रावतीवरील चित्रकोटचा धबधबा पाहावयाचा, वाटेत एखाद्या परवानगीच्या जागी रात्र काढावयाची, असा बेत. ओल्या भुईचा, विंचू-सापांचा आणि मुंग्यांच्या रांगांचा विचार केला म्हणजे जमिनीपासून पुरुषभर उंचीवरचे अंथरूण मोहक वाटते, यात नवल नाही. मात्र ही वस्तू बहुधा लाखाच्या घरातली. साधा तंबू तिच्या अल्पांश किमतीत मिळतो. वर्षातून दोन रात्री बाहेर काढणाऱ्या गृहस्थाने तोच घ्यावा, हे बरे. ज्याने टपावरची राहुटी घेण्याचे ठरविले, त्याने मात्र राहुटीच्या आधी आपल्या गाडीच्या टपाची चौकशी केली पाहिजे. इथे टप हीच जमीन आहे, आणि ही जमीन किती सोसते याचा आकडा ठरलेला असतो.

तो आकडा गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेत असतो. अनेक गाड्यांच्या बाबतीत तो ५० ते १०० किलोंच्या दरम्यान आढळतो. काही गाड्यांच्या पुस्तिकेत टपावर काहीही ठेवू नये असेच सांगितलेले असते, आणि तिथे विषय संपतो. हा आकडा चालत्या गाडीचा. त्यात राहुटीचे वजन येते, तसेच तिच्याखालील कॅरिअरचेही येते, आणि हे दुसरे वजन मोजावयाचे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. समजा, मर्यादा ७५ किलो आहे आणि कॅरिअर १५ किलोंचे आहे. तर राहुटीच्या वाट्याला ६० किलो उरले. बाजारातील राहुट्या साधारणतः ४० पासून ८० किलोंपर्यंत भरतात. म्हणजे ५५ किलोंची चालेल, ७० किलोंची चालणार नाही, मग ती दुकानात कितीही सुबक दिसो. कॅरिअरच्या आडव्या दांड्यांची स्वतःची एक मर्यादा असते, तीही पाहावयाची. आणि दोहोंपैकी जो आकडा लहान, तोच खरा धरावयाचा.

येथे कोणी शंका घेईल की, ७५ किलो सोसणाऱ्या टपावर रात्री आईबाप व दोन मुले कशी निजणार? नवराबायकोचे १३० किलो, मुलांचे ५०, पांघरुणांचे १०, आणि राहुटी-कॅरिअरचे ७० धरले, तर बेरीज २६० किलो होते. उत्तर असे की, उभ्या गाडीचे छत आणि धावत्या गाडीचे छत यांवर पडणारा ताण निराळ्या जातीचा आहे. गाडी उभी असता भार स्थिर असतो; तो दांड्यांतून, खांबांतून सरळ चाकांवर उतरतो, आणि पुस्तकासारख्या राहुटीत त्यातला काही हिस्सा शिडी आपल्या अंगावर घेते. धावत्या गाडीत तेच ५५ किलो खड्ड्यागणिक उसळून आपटतात आणि त्या क्षणी दुप्पट वजनाचे होऊन बसतात. जोराचा ब्रेक दाबला की राहुटी आपल्या वजनाच्या तीनचतुर्थांशाहून अधिक बळाने पुढे रेटते. म्हणून उभ्या गाडीची मर्यादा चालत्या गाडीच्या कित्येक पट असू शकते. पण ‘किती पट’ हे अंदाजाने ठरवू नये. गाडीच्या, दांड्यांच्या आणि राहुटीच्या उत्पादकांनी उभ्या भारासाठी काय लिहून दिले आहे ते पाहावे, आणि लिहिलेले नसेल तर लेखी विचारावे.

दुसरी चौकशी कॅरिअर कशाला धरले आहे याची. अॅम्बॅसडर आणि पद्मिनी या गाड्यांच्या छताच्या कडेने पावसाच्या पाण्यासाठी पत्र्याची पन्हळ असे. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत आवळले की होल्डॉल, ट्रंका आणि वेळप्रसंगी लग्नाचे सारे रुखवत त्यावरून सुखरूप जाई. आजच्या गाड्यांना ती पन्हळ बहुधा नसते. त्याऐवजी छतावर लांबीच्या दिशेने दोन रेल असतात, किंवा दाराच्या वरच्या पट्टीखाली बोल्टसाठी नेमून दिलेल्या जागा असतात. यांतील फसवी गोष्ट अशी की, कित्येक गाड्यांवरील रेल केवळ शोभेचे असतात. ते चिकटपट्टीने किंवा प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी बसविलेले असतात आणि त्यांवर पाच किलोंचाही भरवसा ठेवू नये. दिसावयास दोन्ही सारखेच, तेव्हा डोळ्यांवर विश्वास न ठेवता पुस्तिका वाचणे आले. भर महामार्गावर रेल उखडून राहुटी मागच्या मोटारसायकलस्वारावर गेली, तर तो अपघात राहुटीवाल्या कुटुंबाचा राहत नाही; ज्याने सहलीचे नावही काढले नव्हते त्याच्या जिवावर तो बेततो.

प्रत्यक्ष बसविण्याचे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. निदान तिघे-चौघे हवेत. प्रथम दोन्ही आडव्या दांड्या बसवाव्या. त्यांच्यातील अंतर राहुटीच्या उत्पादकाने सांगितले असेल तेवढे ठेवावे. ते बहुधा ८० ते १०० सेंटिमीटर असते. दांड्या परस्परांना समांतर आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी चारही टोकांमधील दोन्ही कर्ण दोरीने मोजावे; ते सारखे आले म्हणजे काटकोन साधला. पायांखालचे रबर आणि छताचा तो भाग धुऊन पुसून घ्यावा, कारण मध्ये अडकलेली वाळू रंग खरवडते आणि पत्रा उघडा पडला की गंज धरतो. मग राहुटी उचलून दांड्यांवर ठेवावी. मागचे दार पुरते उघडते ना, हे बोल्ट आवळण्यापूर्वीच पाहावे. पुष्कळांना हे नंतर कळते. राहुटीच्या बुडाशी अॅल्युमिनियमच्या खाचा असतात. त्यांत बोल्टचे डोके सरकवून दांडीखालून पट्टी व नट लावतात. चारही बोल्ट आधी हलके बसवावे आणि नंतर समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळीत जावे.

किती आवळावे, हा प्रश्न भिलाईसारख्या पोलादाच्या गावात तरी वेगळा समजावून सांगावयास नको. पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली तेव्हापासून तेथल्या घराघरांत यंत्रांशी व्यवहार करणारी माणसे आहेत, आणि बोल्ट हातच्या जोरावर नव्हे तर मापावर आवळावा हे त्यांना ठाऊक आहे. सैल बोल्ट हादऱ्यांनी आणखी सैल होतो. फाजील आवळलेला बोल्ट अॅल्युमिनियमची मऊ खाच ओरबाडून काढतो. टॉर्क पान्याने उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंत आवळावे आणि नट नायलॉनच्या कड्याचे वापरावे. पहिल्या ५० किलोमीटरनंतर गाडी थांबवून सारे पुन्हा तपासावे, कारण तेवढ्या अवधीत रबर दबते आणि जिथे घट्ट होते तिथे सैलपणा येतो. त्यानंतर प्रत्येक प्रवासाच्या आरंभी आणि खराब रस्ता संपल्यावर ही तपासणी करावी. पोलादी बोल्ट आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये पाणी राहिले तर अॅल्युमिनियम झिजते, म्हणून बोल्टला योग्य ते ग्रीस लावलेले चांगले.

राहुटी चढविलेली गाडी हाकणे हेही थोडे निराळे आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला तो दर चौरस मीटरला सुमारे ३० किलो भरतो, तर १०० किलोमीटरला सुमारे ४७ किलो. वेग वाढला एकचतुर्थांशाने आणि दाब वाढला निम्म्याहून अधिक. इंधनही त्या मानाने जास्त जळते. गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे केशकालसारख्या घाटातील वळणावर गाडी अधिक कलते, आणि आडवा वारा सुटला की चाक हातात जड लागते. गाडीची एकूण उंची मोजून ती चालकासमोर चिठ्ठीवर लिहून ठेवावी. गाडी १८० सेंटिमीटर, कॅरिअर १५ आणि मिटलेली राहुटी ३० धरली तर सव्वादोन मीटर होतात, आणि तळघरातील वाहनतळाच्या तुळया काही वेळा त्याहून खाली असतात. स्वतःच्या घराची पोर्च आधी मोजावी, हे सांगणे हास्यास्पद वाटेल. पण माणूस परक्या दारापाशी जितका सावध असतो तितका स्वतःच्या दारापाशी नसतो.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ कडकपणेच लावला आहे. छताला भोके पाडणे, वेल्डिंग करणे हे मुळातच टाळावे. सुट्या बसणाऱ्या कॅरिअरबाबतही प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्यावे.

मुक्कामाची जागा सपाट हवी. गाडी गिअरमध्ये घालून हातब्रेक ओढावा आणि चाकांना दगड लावावे. महामार्गाच्या कडेला कधीही झोपू नये, आणि जुनाट झाडाखालीही नव्हे. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही. छत्तीसगडच्या काही भागांत रानहत्ती फिरतात, हे कारणही त्यामागे आहे. राहुटीत शेगडी, स्टोव्ह किंवा निखारे नेऊ नयेत, कारण कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता झोपेतच माणसाला नेतो. विजांचा कडकडाट सुरू होताच सर्वांनी खाली उतरून गाडीत बसावे आणि काचा बंद कराव्या. कापडाची राहुटी विजेपासून काडीचेही रक्षण करीत नाही. पत्र्याची गाडी मात्र वीज आपल्या बाहेरच्या अंगावरून जमिनीकडे नेते. खिडक्या थोड्या उघड्या ठेवून झोपावे. तिघाचौघांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत जाते, आणि वाट मिळाली नाही की ते कापडावर व गादीखाली थेंबांच्या रूपाने जमते.

हेच पाणी राहुटीचा खरा शत्रू आहे. प्रवासात तिला इजा होते त्याहून अधिक घरी उभी असताना होते. दव पडलेली वा भिजलेली राहुटी सकाळी घाईने मिटून गाडी निघते. घरी पोहोचल्यावर सारे दमलेले असतात. आणि एक-दोन दिवसांत आत बुरशी धरू लागते. तिचे काळे डाग पुढे जात नाहीत आणि वासही जात नाही. म्हणून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी राहुटी उघडून, गादी उभी करून, सारे खडखडीत वाळवावे. सुती कॅनव्हास नवा असताना एकदोनदा पाण्याने भिजवून वाळवितात. धागे फुगतात आणि शिवणीची भोके आपोआप बुजतात. कृत्रिम धाग्याच्या लेप दिलेल्या कापडाला हा नियम लागू नाही, तिथे शिवणीवरची पट्टी सुटली आहे का ते पाहावयाचे. कापड धुण्याच्या पावडरीने कधीही धुऊ नये. तिने पाणी अडविण्याचा गुण धुऊन जातो. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. चेनीत मुरूम-मातीची धूळ बसते. ती ब्रशाने झाडून दातांवर मेणबत्ती घासली की चेन सुरळीत चालते.

दुर्गच्या एप्रिल-मे महिन्यांतील ऊन कापडाचा धागा कुजविते, तेव्हा त्या दिवसांत राहुटी टपावर मिरविण्यात अर्थ नाही. जूनच्या मध्यास पाऊस सुरू होण्यापूर्वी ती कोरडी असताना उतरवावी, चारही बोल्ट व नट एका पिशवीत घालून पिशवी राहुटीलाच बांधावी, आणि सारे फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावे. सुट्या झालेल्या आडव्या दांड्याही काढून ठेवाव्या. उंदरांना कापडाचा आणि फोमच्या गादीचा मोह फार असतो. म्हणून पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी, उघडीप पडेल त्या दिवशी, राहुटी उलगडून तिला वारा द्यावा आणि तेवढ्यात शिडीच्या बिजागऱ्यांना तेलाचा एकेक थेंब घालून घ्यावा.