कॉलेजांतील मुलींस वडीलधारी सोबत

आपल्या वाचकांपैकीं अनेकांच्या मुली आज तालुका ओलांडून कॉलेजांत जातात. महाराष्ट्र सरकारनें 2024 सालीं आठ लाखांच्या आंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठराविक वर्गांतील मुलींचें व्यावसायिक शिक्षणाचें शुल्क माफ केलें, हें इष्टच झालें. तथापि शुल्काची सोय झाली म्हणजे शिक्षण पुरें झालें असें समजणें, हें लावणी झाली कीं पीक हातीं आलें असें मानण्यासारखें आहे. मिरचीचें रोप वाफ्यांतून काढून शेतांत लाविल्यावर आंबवणीचें पाणी वेळेवर न मिळाल्यास निरोगी रोपही मान टाकतें. मुलीचें पहिलें वर्ष तसेंच नाजूक असतें.

या आंबवणीची एक पद्धत आहे. नव्या विद्यार्थिनीस त्याच शाखेंतील वरच्या वर्गाची एक विद्यार्थिनी नेमून देतात. ही शिकवणी नव्हे. अडचण कोणास विचारावी, शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हां करावा, उमेदवारी कोठें मिळेल, हें ती सांगते. आणि या वाटेनें आपल्यासारखीच एक मुलगी पुढें गेली आहे, हें तिच्याकडे पाहूनच कळतें.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत अभियांत्रिकीच्या 150 मुलींचे, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें, तीन गट करून याची परीक्षा घेण्यांत आली. निष्कर्ष 2017 सालीं प्रसिद्ध झाले. स्त्री मार्गदर्शक मिळालेल्या गटांतील एकाही मुलीनें पहिल्या वर्षअखेर शाखा सोडली नाहीं. मार्गदर्शक मुळींच नसलेल्या गटांतून शेंकडा 11, व पुरुष मार्गदर्शक असलेल्या गटांतून शेंकडा 18 मुली बाहेर पडल्या. विशेष हें कीं, टिकून राहणें परीक्षेंतील गुणांवर अवलंबून नव्हतें; ‘येथें मला जागा आहे’ या विश्वासावर होतें.

यावरून पुरुषाचें मार्गदर्शन व्यर्थ, असें कोणी समजूं नये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत 1933 सालीं कमला भागवत, पुढें सोहोनी, यांस स्त्री म्हणून सर चंद्रशेखर रामन यांनीं प्रथम प्रवेश नाकारला व नंतर अटी घालून घेतलें. तेथें श्रीनिवासय्या यांनीं त्यांस संशोधनाचें वळण लाविलें. 1939 सालीं त्यांस केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. पुढें त्यांनीं कडधान्यें व नीरा यांच्या पोषणमूल्यावर काम केलें. परंतु त्यांच्याएवढा निग्रह प्रत्येक मुलीपाशीं असलाच पाहिजे, अशी अपेक्षा धरणें न्याय्य नव्हे.

नोकरीच्या आरंभींही हेंच लागू आहे. नव्या कारकुनास फेरफाराची नोंद कायद्याच्या पुस्तकापेक्षां शेजारच्या जुन्या कारकुनाकडूनच लवकर उमगते, हें मीं कचेरींत पाहिलें. पुरुष उमेदवारास हें ज्ञान चहाच्या वेळीं सहज मिळे. स्त्री उमेदवार त्या बैठकींत नसे, म्हणून मागें पडे. तिच्यासाठीं वडीलधारी स्त्री सहकारी मुद्दाम नेमून द्यावी लागते.

वाचकांनीं प्रवेशाच्या वेळींच कॉलेजांत अशी व्यवस्था आहे काय, याची चौकशी करावी. नसल्यास आपल्या तालुक्यांतील वरच्या वर्गांत शिकणाऱ्या मुलीशीं ओळख करून द्यावी. आपल्या संस्थेनेंही शिकलेल्या व नोकरी करणाऱ्या लेकीसुनांची एक नोंदवही ठेविल्यास खर्च कांहींच नाहीं. आणि पहिल्या परीक्षेंत गुण कमी पडले म्हणून मुलीस घरीं बोलाविण्यापूर्वीं, तिला तेथें विचारावयास कोणी होतें काय, एवढें प्रत्येक पित्यानें अवश्य पाहावें.