चारचौघांत मिसळणं शिकता येतं
(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

‘आमचा मुलगा फार शहाणा, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही,’ असं आईवडील कौतुकानं सांगतात. शाळेतही असं मूल सोयीचं वाटतं. ते गोंगाट करत नाही, तक्रारी आणत नाही, मुकाट्यानं वही भरतं. उलट मारामाऱ्या करणारं मूल लगेच डोळ्यांवर येतं आणि त्याच्या पालकांना शाळेत बोलावणं जातं. गप्प मुलाच्या पालकांना कुणी बोलावत नाही. मधल्या सुट्टीत ते कुणाबरोबर डबा खातं, हेही कुणी विचारत नाही.

श्रोतेहो, आज मला या दोन्ही मुलांबद्दल बोलायचं आहे. वरवर पाहता ही दोन टोकं. पण पुष्कळदा दोघांची अडचण एकच असते. इतर मुलांत मिसळायचं कसं, हे त्यांना उमगलेलं नसतं. एक जण अंग चोरतो, दुसरा अंगावर जातो. आपण एकाला ‘घुमा’ म्हणतो, दुसऱ्याला ‘भांडकुदळ’, आणि स्वभावाला औषध नाही असं म्हणून गप्प बसतो. खरं तर मिसळणं हे बऱ्याच अंशी कसब आहे, पोहण्यासारखं. काठावर उभं राहून सूचना देऊन कुणाला पोहता येत नाही; पाण्यात उतरावं लागतं. इथं पाणी म्हणजे बरोबरीची मुलं. म्हणून या अडचणीवरचा एक चांगला उपचारही गटातच दिला जातो. त्याला गटोपचार म्हणतात.

ही कौशल्यं साधीच असतात. समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकणं. आपली पाळी येईपर्यंत थांबणं. मदत मागणं. न भांडता ‘नाही’ म्हणणं. हरल्यावर डाव न मोडणं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात मुलांसाठी दहा जीवनकौशल्यं सांगितली. त्यांत संवाद साधणं, नाती जोडणं, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं आणि भावना सांभाळणं यांचा समावेश आहे.

पूर्वी याची शाळा गल्लीत भरायची. लगोरी, आट्यापाट्या, विटीदांडू खेळताना भांडणं व्हायची आणि ती मुलंच मिटवायची. लहानग्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून डावात घ्यायची पद्धत होती. तो बाद होत नसे, पण खेळाचे नियम बघत बघत शिकत असे. आता शहरात शिकवणी, मोबाईल आणि बंद दार यांत ही शाळा आटली. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, तेव्हा बालवाडीच्या वयाच्या कितीतरी मुलांची सवंगड्यांशी पहिली ओळखच लांबली.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, आणखी काही कारणं आहेत. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. मुलं बरोबर गेली तर कोपीवर राहतात. मागं राहिली तर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. दोन्हीकडे जमलेली मैत्री दरवर्षी तुटते. अकोल्याच्या डोंगरी भागातलं मूल आश्रमशाळेत येतं, तेव्हा घरची बोली मागं राहते आणि पुस्तकातली भाषा समोर येते. चुकलो तर हसतील, या भीतीनं ते तोंडच उघडत नाही. अशा मुलांत बुद्धी कमी नसते. त्यांना सरावाची जागा मिळालेली नसते.

गटोपचाराची कल्पना तशी जुनी आहे. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी गरीब क्षयरोग्यांना दर आठवड्याला एकत्र बोलावायला सुरुवात केली. हेतू आरोग्याचे नियम सांगण्याचा होता. पण रोग्यांना एकमेकांच्या सोबतीनंच उभारी येते, असं त्यांच्या लक्षात आलं. पुढं १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल स्लाव्हसन यांनी मुलांचे गट सुरू केले. तिथं उपदेश नव्हता. मुलं सुतारकाम करत, रंगवत, एकत्र खात, आणि त्या ओघात वागणं शिकत. आपल्याकडे गटाची ही ताकद ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभांमुळे आणि १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणमुळे अनेक घरांना ठाऊक आहे.

मुलांच्या गटात नेमकं काय चालतं? साधारण सहा ते आठ मुलं, वयात फार अंतर नसलेली. आठवड्यातून एकदा तास-दीड तास, असं तीन-चार महिने. बरोबर प्रशिक्षित समुपदेशक, शक्यतो दोन. पहिल्या दिवशी मुलंच नियम ठरवतात. कुणाला हसायचं नाही. इथलं बोलणं बाहेर सांगायचं नाही. मात्र कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मोठ्यांना सांगावंच लागेल, हेही तेव्हाच स्पष्ट केलं जातं.

दर वेळी एकच कौशल्य घेतात. समजा, विषय आहे ‘चाललेल्या खेळात शिरायचं कसं?’ आधी दोघे समुपदेशक ते चुकीच्या पद्धतीनं करून दाखवतात. एक जण धावत येऊन चेंडूच हिसकावतो. मुलं खो खो हसतात आणि काय चुकलं ते पटापट सांगतात. मग तेच नीट करून दाखवलं जातं. त्यानंतर मुलं जोडीजोडीनं करून पाहतात. प्रत्येकाला आधी काय छान जमलं ते सांगायचं, मग काय बदलता येईल ते. शेवटी घरचा अभ्यास मिळतो, ‘या आठवड्यात एकदा तरी मधल्या सुट्टीत हे करून पाहा.’

खेळात शिरण्याचं हे उदाहरण सहज घेतलेलं नाही. अमेरिकेत मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना इतर मुलं टाळतात, ती मुलं नव्या गटात शिरताना स्वतःबद्दल बोलू लागतात, मतभेद दाखवतात, चाललेला विषय तोडतात. मुलांना हवीशी वाटणारी मुलं काय चाललं आहे ते आधी बघतात आणि त्याला धरूनच बोलतात. म्हणजे ‘जा ना, त्यांच्यात खेळ!’ असं म्हणून ढकलणं पुरेसं नाही. पायऱ्या सांगाव्या लागतात. आधी थोडं दूर उभं राहून बघ. खेळ कळला का? मग कुणी चांगला फटका मारला, तर दाद दे. डाव थांबला, की विचार, ‘मी येऊ का?’ नाही म्हणाले, तर हुज्जत न घालता दुसरीकडे जा. उद्या पुन्हा बघू.

गटाचा पहिला फायदा मात्र कौशल्याच्याही आधी मिळतो. ‘माझ्यासारखं आणखी कुणाला होतं’ हे मुलाला कळतं. प्रश्नाचं उत्तर येत असूनही हात वर करताना छातीत धडधडतं, असं एकानं सांगितलं, की दुसरा म्हणतो, ‘माझं पण.’ मोठ्या माणसानं शंभरदा धीर दिला, तरी हा दिलासा त्यात नसतो.

पण गटात शिकलेलं गटातच राहण्याचा धोका असतो. म्हणून घरच्यांना सामील करून घ्यावं लागतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ लॉजेसन आणि फ्रेड फ्रँकल यांनी किशोरांसाठी ‘पीअर्स’ नावाचा कार्यक्रम तयार केला. त्याची पुस्तिका २०१० मध्ये निघाली. त्यात मुलं एका खोलीत शिकतात, त्याच वेळी पालक शेजारच्या खोलीत. मुलाला या आठवड्यात काय करून पाहायचं आहे, हे आईवडिलांना माहीत असतं. या कार्यक्रमात चिडवण्यावरचा उपायही वेगळा आहे. ‘लक्ष देऊ नकोस’ हा आपला नेहमीचा सल्ला बऱ्याचदा फुकट जातो. त्याऐवजी ‘बरं, मग?’ असं छोटं, थंड उत्तर देऊन बाजूला व्हायला मुलं शिकतात. चिडवणाऱ्याची मजाच त्यात संपते.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. प्रत्येक मुलाला लगेच गटात घालू नये. जे मूल खूप खचलं आहे, जीव नकोसा झाल्याचं बोलतं किंवा ज्याच्यावर अत्याचार होत आहे, त्याला आधी संरक्षण आणि स्वतंत्र उपचार हवेत. सगळ्या दांडगट मुलांचाही एकच गट करू नये. थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं, की अशा गटांत किशोरवयीन मुलं एकमेकांच्या वाईट वागण्याला हसून दाद देतात आणि काही वेळा बिघाड वाढतो. गट मिश्र हवा. स्वमग्न मुलांच्या बाबतीत त्यांना ‘इतरांसारखं’ दाखवणं हा हेतू नसावा. नजरेला नजर देणं जड जात असेल, तर नुसता चेहरा त्या बाजूला वळवला तरी चालेल.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, दोष नेहमी मुलाचा नसतो. नगरमध्ये १९८९ साली स्नेहालयाचं काम सुरू झालं ते देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या मुलांसाठी. ही मुलं एकटी पडत, ती मिसळता येत नाही म्हणून नव्हे. समाजच त्यांना जवळ येऊ देत नसे. जातीवरून, बोलीवरून, आईवडिलांच्या कामावरून वर्ग एखाद्या मुलाला हसत असेल, तर शिकवणीची गरज वर्गाला आहे. त्या मुलाला गटोपचाराला पाठवून शाळेनं हात झटकू नयेत.

मदत कुठं मागायची? जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाकडे चौकशी करावी. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतात. लोणीच्या प्रवरा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालतो आणि तिथं मराठीतून बोलता येतं. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहेच. गट जवळपास आहे का, तो कोण चालवतं, त्यांचं शिक्षण काय, पालकांना सामील करून घेतात का, हे प्रश्न बेधडक विचारावेत. आठ दिवसांत व्यक्तिमत्त्व बदलून देण्याचा दावा करणाऱ्या शिबिरांपासून मात्र चार हात दूर राहावं.

आणि उपचाराची वाट न पाहता शिक्षकांना उद्यापासून करता येईल असं एक काम आहे. खेळाच्या तासाला ‘आपापले गडी निवडा’ असं सांगू नका. शेवटी उरणारं मूल रोज तेच असतं आणि ते उरणं सगळा वर्ग बघत असतो. चिठ्ठ्या टाका, हजेरीपटावरून संघ पाडा. पालकांनी संध्याकाळी ‘किती मार्क पडले?’ याच्या जोडीला ‘आज कुणाबरोबर डबा खाल्लास?’ एवढं विचारावं.

गटोपचारानं गप्प मूल वक्ता होत नाही, आणि तशी गरजही नाही. एखादा जिवाभावाचा सोबती मिळाला, तरी चिडवण्याचा मार कमी लागतो, असं मुलांवरच्या अभ्यासांत आढळलं आहे. बहुतेक मुलांना तेवढंच हवं असतं. तो एक सोबती मिळवायला शिकवणं आपल्या हातात आहे.