अनुभव, चिंतन आणि संवाद

स्वयंसेवी संस्थेतील कार्यकर्ता रोज माणसांमध्ये वावरतो. त्यामुळे त्याच्या गाठीशी पुष्कळ अनुभव जमा होतो. परंतु अनुभव साठला म्हणजे ज्ञान वाढलेच, असे नाही. एकच चूक दहा वर्षे करीत राहणाऱ्यालाही दहा वर्षांचा अनुभव असतोच. अनुभवाचे ज्ञानात रूपांतर व्हावयाचे असेल, तर त्यावर चिंतन करावे लागते आणि ते चिंतन इतरांसमोर मांडून तपासून घ्यावे लागते.

समजा, एक आरोग्य कार्यकर्ती वस्तीतील मातांना पाणी उकळून पिण्याचा सल्ला देते. महिन्यानंतरही मुलांचे जुलाब थांबत नाहीत. ‘लोक ऐकत नाहीत’, असा निष्कर्ष काढून ती मोकळी होऊ शकते. मात्र हाच प्रसंग तिने सहकाऱ्यांसमोर मांडला, तर एखादा विचारील, “रोज पाणी उकळण्याइतके सरपण त्यांच्याकडे आहे का?” या एका प्रश्नाने दोष मातांवरून उतरतो आणि सल्ल्याचाच पुनर्विचार सुरू होतो. प्रशिक्षणात चिंतनाला महत्त्व आहे ते यासाठी. कार्यकर्त्याच्या चुकीची किंमत बहुधा त्याला स्वतःला नव्हे, तर ज्यांच्यासाठी तो काम करतो त्या गरिबांना मोजावी लागते.

अमेरिकन अभ्यासक डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवाधारित शिक्षणाच्या चार पायऱ्या सांगितल्या. प्रथम प्रत्यक्ष अनुभव, मग त्यावर चिंतन, त्यातून सर्वसाधारण तत्त्वाचा शोध आणि शेवटी त्या तत्त्वाचा नव्या परिस्थितीत प्रयोग. या प्रयोगातून पुन्हा नवा अनुभव मिळतो आणि हे चक्र चालू राहते. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांनी त्याआधीच संवादावर भर दिला होता. शिक्षकाने ज्ञान ओतावे आणि विद्यार्थ्याने ते साठवावे, ही पद्धत त्यांना मान्य नव्हती.

योगायोग असा, की १९८४ मध्येच बेंगळुरू येथे याच दिशेचा एक प्रयोग सुरू झाला. डॉ. रवी नारायण, डॉ. थेल्मा नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या चौकटीबाहेर पडून ‘कम्युनिटी हेल्थ सेल’ स्थापन केला. अभ्यास, चिंतन आणि कृती हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. पुढे हे कार्य ‘सोचारा’ या संस्थेच्या रूपाने विस्तारले. २००३ पासून तेथे तरुणांसाठी सामुदायिक आरोग्याची फेलोशिप सुरू झाली. फेलो काही काळ क्षेत्रात काम करीत आणि काही काळ एकत्र येऊन आपल्या अनुभवांची चर्चा करीत. व्याख्यानाइतकेच महत्त्व परस्परांकडून शिकण्याला होते.

ही पद्धत केवळ पदवीधरांसाठी आहे, असे मात्र नाही. महाराष्ट्रात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या महिलांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविले. त्यांतील अनेक जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. या महिला ठरावीक दिवशी जामखेडला जमत आणि आपापल्या गावातील अडचणी एकमेकींना सांगत. एकीने शोधलेला उपाय दुसरीच्या गावी उपयोगी पडे.

चिंतनासाठी साधने थोडीच लागतात. रोजनिशी, लहान गट आणि काही साधे प्रश्न: काय घडले? ते तसे का घडले? आपण काय गृहीत धरले होते? पुढच्या वेळी काय वेगळे करावे? अवघड आहे ते वातावरण निर्माण करणे. चूक कबूल केल्यास कमीपणा येईल किंवा नोकरी जाईल, अशी भीती असेल, तर रोजनिशीत केवळ यशाच्याच नोंदी होतील. म्हणून प्रशिक्षकाने आणि संस्थाप्रमुखाने प्रथम स्वतःची चूक गटासमोर मांडणे उपयुक्त ठरते.

चिंतन कृतीपर्यंत पोहोचले नाही, तर ते निष्फळ ठरते. उलट चिंतनाविना केलेली कृती आंधळी होते. वर्तुळात बसून झालेल्या चर्चेची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी वस्तीत होते. पाणी उकळण्याचा सल्ला देणारी कार्यकर्ती त्या दिवशी सल्ला देण्यापूर्वी चुलीपाशी बसून आधी प्रश्न विचारते का, हेच पाहावयाचे असते.